नेटरनर व्हायचंय? आधी हिशेब बघा
'सायबरपंक रेड' या भूमिका-खेळात नेटरनरचं, म्हणजे हॅकरचं, पात्र घेताय? डेक 500 युरोबकला मिळतो एवढंच ऐकून उडी मारू नका. पहिली फाइल हाती लागेपर्यंत खर्च जवळपास चौपट होतो.

आधी यादी. न्यूरल लिंक 500, इंटरफेस प्लग्ज 500, व्हर्च्युअ‍ॅलिटी गॉगल 100, स्टँडर्ड डेक 500. झाले 1600. कम्प्लीट पॅकेज पद्धतीने पात्र बनवलंत तर साहित्यासाठी हातात 2550 असतात. पिस्तूल, चिलखत आणि फोनही त्यातूनच घ्यायचे, हे विसरू नका.

बिलावर न दिसणारी रक्कम वेगळीच आहे. लिंक आणि प्लग्ज मिळून 14 ह्युमॅनिटी जाते. एम्पथी 6 असेल तर ह्युमॅनिटी 60 वरून 46 वर येते आणि एम्पथी थेट 4 होते. पात्र गोडबोलं ठेवायचं असेल तर हे आधीच ठरवा.

100 युरोबकचा हलका डेक घेऊन 400 वाचवता येतात, पण त्यात जागा 5 च, स्टँडर्डमध्ये 7. प्रत्येक प्रोग्रॅमला एक जागा लागते, ब्लॅक आइसला, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन. माझं मत: स्टँडर्डच घ्या. त्यात वर्म (50), आर्मर (50), सोर्ड (50), इरेझर (20), सी या (20) भरा आणि इन्सुलेटेड वायरिंगला 100 द्या. ही चैन नव्हे. हेलहाउंड हा ब्लॅक आइस चावला तर मेंदूला 2 फाशांची इजा होतेच, शिवाय वायरिंग नसेल तर डेक आणि कपडे पेट घेतात.

कुठून शिरायचं? अ‍ॅक्सेस पॉइंटपासून 6 मीटरच्या आतून. घरबसल्या हॅकिंग इथे नाही. ओळखपत्र कोणी मागत नाही, पासवर्ड मात्र आडवा येतो. तो बॅकडोरने फोडा: इंटरफेस रँक अधिक दहा बाजूंचा फासा, बेरीज काठिण्यांकापेक्षा जास्त हवी, बरोबरी झाली तर हरलात. रँक 4 आणि काठिण्यांक 8 असेल तर 5 किंवा वर पडायला हवा. वर्म असेल तर 3 पुरतात. फाइल काय आहे आणि तिची किंमत किती, हे आय-डीने कळतं. तिथे वर्म कामाचा नाही, रँकवरच भागवावं लागतं.

वेळ किती? रँक 4 ला एका पाळीत 3 नेट अ‍ॅक्शन, आणि पाळी म्हणजे 3 सेकंद. पण त्या पाळीत गोळी झाडता येत नाही. म्हणून पाठीशी कोणीतरी बंदूकवाला उभा करूनच जोडणी करा.

सगळ्यात महाग पडते ती घाई. नीट जॅक आउट करायला, म्हणजे नेटमधून बाहेर पडायला, एक नेट अ‍ॅक्शन लागते. ती न देता निसटलात, किंवा गोळीबारात पळता पळता 6 मीटरच्या बाहेर गेलात, तर वाटेत भेटलेला आणि अजून न मोडलेला प्रत्येक ब्लॅक आइस तुमच्यावर आपला परिणाम करून मगच सोडतो. त्यामुळे शेवटची अ‍ॅक्शन कायम राखून ठेवा. फाइल कितीही मोहाची असो.

दुसऱ्या महिन्यापासून पात्र राहतं त्या कंटेनरचं भाडं 1000 आणि किबल या स्वस्त खाण्याचे 100 द्यावे लागतात. काम घेताना मोबदला ठरवाल तेव्हा हे 1100 आधी मोजा.