आधी आमदार, मग वकील

प्रश्न : अब्राहम लिंकन कॉलेजात गेलेच नव्हते म्हणतात. मग त्यांना वकिली कोणी करू दिली? आणि वकिलीत नाव झाल्यावर ते राजकारणात आले, हे खरे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नात क्रम उलटा झाला आहे. लिंकन आधी आमदार झाले, वकील नंतर. पहिल्याचे उत्तरही त्यातच दडले आहे.

त्यांची शाळा, सगळे तुकडे जोडले तरी, वर्षभराची भरत नाही. पण त्या काळी अमेरिकेत कायद्याची कॉलेजे मोजकीच होती. जाणत्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून कायदा शिकायचा, ही सर्रास रीत. इलिनॉय राज्यात सनदेसाठी पदवी लागत नसे; न्यायालयाकडून वर्तणुकीचा दाखला मात्र लागे. लिंकन यांनी तर उमेदवारीही केली नाही. घरीच ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताचे ग्रंथ वाचले.

पुस्तके मिळाली ती राजकारणामुळे. १८३२ साली पडलेले लिंकन १८३४ मध्ये विधिमंडळात निवडून आले. त्या निवडणुकीत सोबत असलेले स्प्रिंगफील्डचे वकील जॉन टॉड स्टुअर्ट यांनी त्यांना कायदा वाचायचा आग्रह केला, वर आपली पुस्तकेही दिली. १८३६ मध्ये सनद हाती आली. पुढच्याच वर्षी राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवायचे ठरले. त्यासाठी झटणाऱ्या नऊ लोकप्रतिनिधींत लिंकनही होते. सगळेच ताडमाड, म्हणून त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणत! राजधानी आली की मोठी न्यायालये येतात आणि त्यांच्या मागोमाग पक्षकार. लिंकन तिथे जाऊन स्टुअर्ट यांचे भागीदार झाले.

ते फक्त गरिबांचे खटले लढत, हाही एक लाडका गैरसमज. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा कराचा मोठा दावा त्यांनी जिंकून दिला. कंपनी फी देईना, तेव्हा तिच्यावरच फिर्याद लावून ५,००० डॉलर वसूल केले.

त्याहून अवघड प्रकरण १८४७ चे. रॉबर्ट मॅटसन या मालकाने केंटकीहून इलिनॉयमध्ये आणलेली गुलाम स्त्री जेन ब्रायंट आणि तिची मुले स्वातंत्र्य मागत होती. लिंकन उभे राहिले ते मालकाच्या बाजूने! गुलामगिरी अन्यायाची आहे, असा निषेध त्यांनी दहा वर्षांपूर्वी विधिमंडळात लेखी नोंदवला होता. चरित्रकार आजही या वकीलपत्राचे कारण शोधत असतात. लिंकन तो खटला हरले आणि जेन मुलांसह मुक्त झाली.