गोळी सोडू नकोस

माळशिरस

चि. बाळास,

बीपीची गोळी बंद करून प्राणायामावरच भागवायचं तुझ्या मनात आहे, असं कळलं. प्राणायाम जरूर कर, गोळी मात्र सोडू नकोस. श्वासाने दाब उतरतो ही नुसती श्रद्धा नव्हे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासूनच योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या होत्या. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहावर आणले की मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांत दाबाची चाहूल घेणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. इटलीच्या लुचियानो बर्नार्डींनी २००१ साली दाखवलं की माळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणताना श्वास आपोआप सहाच्या आसपास येतो. (त्यात हरिपाठ नव्हता, तेव्हा पालखीच्या वाटेवरच्या आपल्या गावाने लगेच श्रेय घेऊ नये.)

पण दाब उतरतो किती, आणि किती वेळ? २००५ च्या एका प्रयोगात बीपीच्या २० रुग्णांचा वरचा दाब संथ श्वासाने साधारण १५० वरून १४१ वर आला. मात्र हे आकडे श्वास चालू असतानाचे, आणि मिनिटाला १५ श्वास ठरवून घेतले तरी तो १४३ पर्यंत आलाच होता. म्हणजे थोडा गुण नुसतं लक्ष देऊन बसण्याचाही. यंत्रणेची तत्परता मात्र सहाच्याच गतीने सुधारली, त्यामुळे ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. आता तू म्हणशील, गोळीची सवय लागते. सवय नाही रे लागत. आजार मुळात असतो, म्हणून गोळी थांबली की दाब परत चढतो, आणि काही गोळ्या एकदम थांबवल्या तर तो उसळतोही. ‘मला काही त्रासच नाही’ हा तर सगळ्यात फसवा मुद्दा, कारण वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही.

तेव्हा रोज दहा मिनिटं ताठ बसून नाकाने चार आकड्यांत श्वास घे, सहा आकड्यांत सोड. श्वास कोंडू नकोस, कपालभाती-भस्त्रिकेच्या वाटेला जाऊ नकोस, गरगरलं तर थांब. ताटातलं मीठ, लोणचं, पापडही आवर. महिनाभराचे बीपीचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. गोळी कमी करायची की नाही, ते त्यांना ठरवू दे.

तुझा
मामा