सतत झोप येणं म्हणजे आळस नव्हे

“डॉक्टर, याला काहीतरी ताकदीचं लिहून द्या. दिवसभर नुसता झोपतो.” विशी-पंचविशीतल्या मुलांना घेऊन येणारे आई-वडील हे वाक्य ठामपणे बोलतात, कारण निदान घरीच झालेलं असतं: पोरगं आळशी आहे आणि जरा अशक्त आहे. शेजारी मान खाली घालून बसलेल्या मुलालाही एव्हाना ते पटलेलं असतं.

ही समजूत आधी डोक्यातून काढा. आळशी माणूस काम टाळतो, पण काम करताना त्याचे डोळे मिटत नाहीत. मनापासून काम करायचं असूनही वर्गात, मीटिंगमध्ये, जेवता-जेवता डोळा लागत असेल तर ते लक्षण आहे, अवगुण नव्हे.

मी पहिल्यांदा विचारतो, “थकवा येतो की झोप येते?” थकलेला माणूस आडवा पडला तरी बरेचदा जागाच असतो, झोपाळलेला बसल्या जागी पेंगतो. दुसरा प्रश्न, “रात्री फोन खाली कधी ठेवता?” इथेच बहुतेकांचं उत्तर सापडतं. दीड वाजता फोन ठेवायचा, साडेसहाला अलार्म, म्हणजे जेमतेम पाच तास. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. ही उधारी रविवारी दुपारी बारापर्यंत लोळून फिटत नाही. उलट रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार पुन्हा पेंगण्यात जातो.

तुमचं असं होत असेल तर घाबरू नका. दोन आठवडे एका वहीत झोपल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. सुट्टीच्या दिवशीही ठरल्या वेळेलाच उठा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा अंश पाच-एक तासांनीही शरीरात शिल्लक असतो. दुपारी डुलकी घ्यायची तर २० मिनिटं, त्याहून जास्त नको.

पण सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे उघडे राहत नसतील, तर मात्र तपासणी टाळू नका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं ठेवून झोपतो म्हणून मित्र चिडवायचे, वडील बोलायचे. दोन वर्षं टॉनिकं झाली, सलाईन झाली. झोप लागताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, हलता येत नाही, असं त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याला देवऋषीकडे नेऊन अंगारा लावला. मी विचारलं, “जोरात हसलास की काही होतं का?” तो चमकला. म्हणाला, “गुडघ्यातली ताकदच जाते. एकदा चहाचा कप हातातून पडला.” हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

हा नार्कोलेप्सी नावाचा मेंदूचा आजार. माणसाला जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन त्यात कमी पडतं. तो बहुधा १० ते २५ या वयात सुरू होतो, नेमका आळशीपणाचा शिक्का बसण्याच्या वयात. रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची चाचणी करून निदान होतं. आजार मुळापासून जात नाही, पण औषधं आणि ठरवून घेतलेल्या डुलक्यांनी शिक्षण, नोकरी, संसार सगळं नीट होऊ शकतं.

हा आजार विरळाच. अधिक आढळतं ते घोरणं. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो’ हे साफ चूक आहे. घोरताना मध्येच श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत. रक्तक्षय, थायरॉइड मंदावणं, नैराश्य आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि डोक्याला मार लागल्यावर, किंवा ताप, उलट्या, तीव्र डोकेदुखीसोबत गुंगी येत असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

आता उपचाराच्या नावाखाली जे चालतं त्याबद्दल. रक्त न तपासता बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं टोचून घेणं थांबवा. कमतरता असेल तर ती जरूर भरून काढू, पण आधी मोजू तर द्या. परीक्षेच्या काळात जागं राहण्यासाठी मोडाफिनिल ऑनलाइन मागवणाऱ्या मुलांना मी निक्षून सांगतो: हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध आहे. त्याने अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि झोपेची गरज तर तशीच राहते.

पालकांनो, मुलाला टोमणा मारण्याआधी एक रात्र त्याचं घोरणं ऐका, त्याची वही पाहा. आणि तरुणांनो, कारण सापडून उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नका. खिडकी उघडून, गाणी लावून झोप जात नाही. हायवेवर चार सेकंद डोळा लागला, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी जवळपास ९० मीटर पुढे गेलेली असते.