लिलावाचा आकडा आणि महिन्याचा खर्च

ऑगस्ट 2022 मध्ये प्रो कबड्डी लीगच्या लिलावात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. लीगच्या इतिहासातली तोपर्यंतची ती सर्वांत मोठी बोली होती. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत, त्याचा गुडघा दुखावला. सगळा हंगाम बाकावर गेला. पवन पवन असल्यामुळे पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 2 कोटी 60 लाखांहून जास्त मोजून घेतलं. पण त्याच चटईवर 9 लाखांच्या बोलीवर खेळणाऱ्या पोराचा गुडघा गेला, तर पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं जाईलच असं कोणी सांगू शकत नाही.

हल्ली करिअर मार्गदर्शनाला येणाऱ्या पालकांत एक नवा वर्ग दिसतो. पूर्वी "खेळून पोट भरतं का?" असा प्रश्न यायचा. आता विचारतात, "सर, याला अकादमीत घालतो, पण लिलावात यायला किती वर्षं लागतील?" चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला 2018 मध्ये यू मुम्बाने 36 लाख 40 हजारांना घेतलं आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. सांगलीच्या स्मृती मानधनावर 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. हे आकडे घराघरांत पोचले आहेत आणि ते खरेच आहेत. अडचण अशी की पालक त्यांना पगार समजतात. पगार दर महिन्याला येतो, साठीपर्यंत येतो आणि आजारपणातही काही काळ येतो. खेळाचा पैसा यातलं काहीच करत नाही.

ऊस लावणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याचं बिल आलं म्हणून त्या महिन्यात कोणी सगळं उडवत नाही. त्यातच सोसायटीचं कर्ज, पुढची लागण आणि वर्षभराचा किराणा बसवायचा असतो. त्याच घरातला मुलगा चटईवर कमवायला लागला की मात्र हा हिशेब कुठे जातो कोण जाणे.

म्हणून आधी कोट्यधीशांना बाजूला ठेवू आणि बहुसंख्य मुलं जिथे उभी असतात तिथला हिशेब मांडू. 2024 च्या हंगामात प्रो कबड्डीत चार गटांच्या मूळ बोली 30, 20, 13 आणि 9 लाख अशा होत्या. समजा, तुमच्या मुलाला शेवटच्या गटात 9 लाख मिळाले. हंगाम साधारण तीन महिन्यांचा. पैसे हप्त्याहप्त्याने येणार आणि त्यातून 10 टक्के टीडीएस आधीच कापला जाणार, म्हणजे हातात 8 लाख 10 हजार. मध्यस्थ असेल तर त्याचं कमिशन वेगळं. घरात त्या आठवड्यात काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे: एक मोटारसायकल, आईला दागिना, मित्रांना हॉटेल आणि गावात "नऊ लाखवाला" असं नाव. चौथ्या महिन्यापासून मुलगा पुन्हा वडिलांकडे पेट्रोलला पैसे मागतो.

तेच 9 लाख दुसऱ्या पद्धतीने बघा. मुलाने स्वतःला महिन्याला 25 हजार रुपये पगार द्यायचा, एका वेगळ्या खात्यातून, दर महिन्याच्या एक तारखेला. वर्षाचे 3 लाख झाले. उरलेल्या पैशात पुढची जवळजवळ दोन वर्षं निघतात, दुखापत झाली तरी, लिलावात कोणी घेतलं नाही तरी. शिवाय कापलेले 90 हजार बहुतेक वेळा परत मिळतात. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. फक्त विवरणपत्र भरावं लागतं. कितीतरी मुलं ते भरत नाहीत, कारण "टॅक्स कापला आहे ना, मग झालं." नव्वद हजार रुपये म्हणजे त्या मुलाचा साडेतीन महिन्यांचा पगार.

वरच्या गटात नेमका उलटा घोटाळा होतो. 30 लाखांच्या करारावर टीडीएस कापला जातो 3 लाख. खर्चाची वजावट धरली नाही तर नव्या प्रणालीत एकूण कर सुमारे 5 लाखांपर्यंत जातो. वरचे 2 लाख आगाऊ कर म्हणून 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांना हप्त्यांनी भरायचे असतात. न भरल्यास व्याज लागतं. त्यात करारानुसार खेळाडू नोकरदार न ठरता स्वतंत्र व्यावसायिक ठरत असेल आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली, तर जीएसटीचा प्रश्न येतो. बोलीच्या रकमेवर जीएसटी संघ वेगळा देणार की त्यातूनच तो जाणार, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावं. फिजिओ, प्रशिक्षक, प्रवास, साहित्य यांची बिलं फाईलला लावून ठेवा. व्यवसायाचा खर्च म्हणून काय धरता येईल ते सीए सांगेल. बदाम-तुपाच्या खुराकाचं मात्र त्याला आधी विचारा, मनाने धरू नका.

क्रिकेटमध्येही चित्र वाटतं तितकं सरळ नाही. 2021 पासून रणजी खेळाडूला अनुभवानुसार दिवसाला 40, 50 किंवा 60 हजार रुपये मिळतात. नवा मुलगा चार दिवसांच्या एका सामन्यात 1 लाख 60 हजार कमवतो. ऐकायला उत्तम. पण अंतिम अकरात नसेल आणि नुसता संघात असेल तर निम्मे, आणि संघातच नसेल तर काही नाही. एका निवड समितीच्या बैठकीवर वर्षाचं उत्पन्न टांगलेलं असतं. म्हणूनच मी सांगतो की मागच्या वर्षीच्या कमाईवर या वर्षीचा गाडीचा हप्ता ठरवू नये. गाडी घ्यायचीच असेल तर रोख घेता येईल अशी घ्या, थोडी जुनी असली तरी चालेल.

"आमच्या मुलाला व्यसन नाही, तो उधळ्या नाही" हे वाक्य प्रत्येक पालक म्हणतो. अमेरिकेत 2015 मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी 1996 ते 2003 या काळात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये निवडले गेलेले खेळाडू तपासले. निवृत्तीनंतर बारा वर्षांत त्यांच्यापैकी जवळजवळ 16 टक्के जणांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: जास्त कमावलेल्या किंवा जास्त वर्षं खेळलेल्या खेळाडूंचा धोका फारसा कमी नव्हता. म्हणजे "अजून दोन हंगाम खेळला की सगळं नीट होईल" या आशेला आधार नाही. त्याच लीगमधल्या रायन ब्रॉइल्सने डेट्रॉइट लायन्सशी सुमारे 36 लाख डॉलरचा करार झाल्यावर वर्षाला फक्त 60 हजार डॉलरमध्ये घर चालवायचं ठरवलं आणि बाकी गुंतवलं. मोठ्या दुखापती झाल्या, 2015 मध्ये संघाने त्याला सोडलं, तरी घर चालत राहिलं.

आपल्याकडे पैसा उधळपट्टीत कमी आणि नात्यांत जास्त जातो, असं माझं मत आहे. त्याला कारणही तसंच आहे. खेळाडू एकटा घडत नाही. 1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर 7 हजार रुपयांना गहाण ठेवलं. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. पहिल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. वडिलांनी अकादमीच्या फीसाठी आईचे दागिने बँकेत ठेवले असतील, मामाने दोन वर्षं मेसचे पैसे भरले असतील, तर ते आधी फेडावेत. रक्कम कागदावर लिहावी, फिटली की तीही लिहावी.

कर्ज आणि ओशाळेपण यांत मात्र फरक ठेवायला हवा. देवळाच्या कळसाची पावती, चुलतभावाच्या दुकानाला भांडवल, गल्लीतल्या मंडळाचा गणपती, वर्गमित्राचा "बिनधोक" प्लॉटचा सौदा, हे सगळे लिलावाच्या बातमीपाठोपाठ दारात येतात. वीस वर्षांच्या मुलाला नाही म्हणता येत नाही. इथे आई-वडिलांनी वाईटपणा घ्यावा. "पैसे त्याचे आहेत, पण पाच वर्षं मोडायचे नाहीत असं घरात ठरलं आहे," एवढं एक वाक्य बापाने पारावर ठामपणे म्हटलं की मुलाची निम्मी डोकेदुखी जाते. वर्षाला एक ठरावीक रक्कम लोकांसाठी बाजूला काढायला हरकत नाही. ती संपली की संपली.

गावात बंगला बांधण्याबद्दल मी थोडा कडवट बोलतो, राग मानू नका. पहिल्या मोठ्या करारावर तीन मजली घर उभं करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या घराला भाडेकरू मिळत नाही, अडीनडीला ते लवकर विकत नाही आणि रंगापासून वीजबिलापर्यंत दरवर्षी पैसे मागतं. गळकं छप्पर नीट करा, न्हाणीघर बांधा. बाकीचा मजला पुढच्या करारापर्यंत थांबू शकतो. तोवर पैसा मुदत ठेव, लिक्विड फंड, आणि पाच-सात वर्षं न लागणारा भाग इंडेक्स फंड अशा कंटाळवाण्या जागी राहू द्या. अशा जागांची पारावर कधी चर्चा होत नाही, हेही त्यांच्या बाजूने.

सल्लागार कोण, हा पुढचा प्रश्न. जानेवारी 2023 मध्ये उसेन बोल्टच्या वकिलांनी जाहीर केलं की किंग्स्टनमधल्या एका गुंतवणूक कंपनीतल्या त्याच्या खात्यातून 1 कोटी 27 लाख डॉलर गायब आहेत. शिल्लक होते सुमारे 12 हजार डॉलर. जगातला सर्वांत वेगवान माणूसही यातून सुटला नाही. भारतात सल्ल्याची फी घेणारा गुंतवणूक सल्लागार सेबीकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याचं नाव सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. म्युच्युअल फंडाचा वितरक वेगळा. त्याला कमिशन फंडाकडून मिळतं, हे कळलं की त्याच्या उत्साहाचा अर्थही कळतो. पैसे सल्लागाराच्या नावावर कधी जाऊ देऊ नका. चेक, यूपीआय, काहीही असो, समोर फंडाचं किंवा बँकेचं नाव दिसलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर थोडे चाहते जमले की जाहिरातीचेही निरोप येतात. त्यात पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात असेल तर सरळ नकार द्यावा: 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार अशी जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंगवास आणि मोठा दंड होऊ शकतो.

विम्याबद्दल थोडक्यात. आरोग्य विमा आणि अपघात विमा दोन्ही हवेत, पण व्यावसायिक खेळताना झालेली इजा पॉलिसीत बसते का, हे अपवादांच्या यादीत वाचा आणि कंपनीकडून लेखी घ्या. करारातही दुखापतीचं कलम शोधा: रक्कम पूर्ण मिळणार की खेळलेल्या सामन्यांपुरती, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा?

आता ज्या पालकांना हे सगळं वाचून धडकी भरली असेल, त्यांच्यासाठी नोकरीचं. स्वप्निल कुसाळे 2015 मध्ये रेल्वेत लागला आणि नऊ वर्षांनी पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. तिकीट तपासनिसाच्या पगाराने त्याच्या खेळाला अडवलं नाही, उलट धरून ठेवलं. रेल्वे, पोलीस, सेनादलं आणि बँका खेळाडूंना घेतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी दहावी-बारावी-पदवीचे कागद आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं एकत्र, पडताळणी करून ठेवलेली असावी लागतात. पदवी मुक्त विद्यापीठातून झाली तरी चालेल, सुटू मात्र नये. केंद्र सरकारचं खेळाडूंसाठीचं निवृत्तिवेतन महिन्याला 12 ते 20 हजार रुपये आहे, पण ते ऑलिंपिक आणि आशियाई क्रीडा स्पर्धा यांसारख्या स्पर्धांतल्या पदकांसाठी, खेळ सोडल्यावर आणि तिशीनंतर. नुसत्या लीगच्या जोरावर त्यात बसता येत नाही.

वयाबद्दलचा एक तांत्रिक मुद्दा राहिला. राजस्थान रॉयल्सने नोव्हेंबर 2024 मध्ये वैभव सूर्यवंशीला 1 कोटी 10 लाखांना घेतलं तेव्हा तो 13 वर्षांचा होता. आपल्या कायद्यात अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाने, केलेला करार टिकत नाही, त्यामुळे पालकांची सही लागते. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न करासाठी त्याचंच धरलं जातं. पण त्या पैशावर पुढे मिळणारं व्याज मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. हे माहीत नसल्यामुळे घरात दोन-दोन वर्षांनी नोटिसा येतात. मुलाचं पॅन आणि त्याच्या नावाचं खातं आधी काढा, कराराचे पैसे थेट तिथेच येऊ द्या, वडिलांच्या खात्यातून फिरवू नका. अठरा पूर्ण झाले की अज्ञानाच्या नावावरच्या म्युच्युअल फंडातले व्यवहार थांबतात आणि नवं केवायसी, नवी सही द्यावी लागते. त्या वेळी अर्ज तुम्ही भरून आणू नका. त्याला सोबत न्या, शिल्लक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि पासवर्ड त्यालाच ठरवू द्या, तुम्हाला न सांगता.