मदत पाठवताय? आधी सरपंचाला फोन करा

'आपला तांदूळ पोहोचलाच नाही म्हणे,' असं आमच्या मंडळाच्या बैठकीत अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच. मदतीच्या ट्रकसोबत मी होतो, म्हणून मलाच ऐकावं लागतं. तेव्हा काय घडलं ते एकदा लिहूनच टाकतो.

ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. छत्तीसगडमधल्या आमच्या उतई-भिलाईच्या मराठी घरांनी तांदूळ, चादरी, कपडे जमवले. पाणी ओसरल्यावर नागपूर-तुळजापूरच्या रस्त्यानं सोलापूर, मिरज करत निघालो. माल शिरोळ तालुक्यातल्या गावांत स्वतः द्यायचा, असं ठरलं होतं.

जयसिंगपूरच्या अलीकडे एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ट्रक थांबवला. 'पुढं रस्ता बंद आहे, इथं उतरवा, आम्ही वाटतो.' मी नाही म्हणालो. त्यांनी परस्पर आमच्या अध्यक्षांना फोन लावला आणि इकडून हुकूम आला, 'देऊन टाका.' पोती गोदामात गेली.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसून मी कुरुंदवाडकडे गेलो. रस्ता चालू होता! दूध येत-जात होतं, आमचा ट्रक तेवढा जाऊ शकत नव्हता? तसाच गोदामावर परतलो. लाल रंगानं 'उतई' लिहिलेली आमची पोती फाडून तांदूळ छोट्या पिशव्यांत भरणं चाललं होतं आणि प्रत्येक पिशवीवर एका माणसाचा फोटो चिकटवत होते. पावती मागितली. 'सेवेला पावती कसली?' म्हणत गोदामातला गृहस्थ मोबाइलमध्येच बघत राहिला. ते वाक्य मी विसरणार नाही.

आणि गावात गरज काय होती? चिखल उपसणारी एक मावशी म्हणाली, 'तांदूळ हाय वो दादा, पर शिजवायला पानी न्हाई. खराटा आणलाय का?'

म्हणून सांगतो. सरपंच, ग्रामसेवक किंवा तलाठ्याशी आधी बोला, यादी घ्या, गाडी थेट गावात न्या, शिक्क्याची पोच घ्या. खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर, पिण्याचं पाणी, सॅनिटरी पॅड, जनावरांना कडबा न्या. जुने कपडे नकोत. त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्याच पुरात ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. जागा नसेल तर बोटीत चढायचं नाही, कितीही घाई असो.

घर साफ करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो घरमालकाच्या मोबाइलवर काढून द्या. उत्साही स्वयंसेवक सगळं धुऊन टाकतात आणि पंचनाम्याला तलाठी आला की दाखवायला काही उरत नाही.

ट्रकभाडं आणि डिझेलच्या पावत्या मी परतल्यावर लगेच मंडळाकडे दिल्या. 'देऊन टाका' म्हणणाऱ्यांनी त्या गोदामवाल्यांकडे पोच मागितली का, हेही आता बैठकीत विचारा.