गाळातील डायाटम : तळ्याच्या पाण्याचा जुना हिशेब

माती-परीक्षणाचा अहवाल हाती आला की शेतकरी ग्रामसेवकास प्रथम सामू विचारतो. आजचा सामू प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु एखाद्या तळ्याच्या पाण्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा सामू कोणी सांगावा? त्या काळी तो कोणी मोजून ठेवलेला नाही. तथापि तळाशी साचलेल्या गाळात त्याची नोंद राहिलेली असते, आणि ती वाचता येते.

हिवाळ्यात ओढ्यातील दगडावर पाय ठेवला असता तो सटकतो. दगडावरील तो तपकिरी, बुळबुळीत थर पुष्कळदा डायाटमांचाच असतो. डायाटम हे एकपेशीय शैवाल होय. त्याचे कवच सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असून कुंकवाच्या करंड्याप्रमाणे दोन भागांचे असते; यास्तव त्यास करंडक वनस्पती असेही म्हणतात. वनस्पती मेली तरी कवच कुजत नाही. ते तळाशी बसते व त्यावर पुढील वर्षांचा गाळ साचत जातो. शिवाय प्रत्येक जातीस ठरावीकच पाणी मानवते : काहींस आम्ल, काहींस खारे, काहींस शेतातून वाहून आलेल्या खताने सकस झालेले. खाजणात जसे प्रत्येक वाणाचे भात येत नाही, तसेच हे आहे.

तळात नळी उभी दाबून गाळाचा अखंड गाभा वर काढतात व त्याचे पातळ काप करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश नाहीसा करून उरलेली कवचे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. एकेका कापातील तीनशे ते पाचशे कवचे मोजावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, परंतु त्यास दुसरा उपाय नाही. कापाचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी द्रव्यावरून काढतात. ते सुमारे २२ वर्षांत निम्मे होते, म्हणून साधारण दीडशे वर्षांपर्यंतच उपयोगी पडते. आपल्या पाझर तलावांत मात्र ही पद्धत सहसा चालणार नाही. तेथील गाळ उन्हाळ्यात भेगाळतो, गुरे तो तुडवतात आणि शेतकरी तो उपसून शेतात घालतात. एकदा थर विसकटले की वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे कळावयाचे नाही.

या विद्येचा कस स्कॉटलंडच्या नैऋत्येस, गॅलोवे भागात लागला. तेथील ग्रॅनाइटच्या डोंगरांतील तळी आम्ल होऊन काहींतील मासे नाहीसे झाले. दोष कोणाचा? कोणी कोळशाच्या धुरातून येणाऱ्या आम्ल पावसाकडे बोट दाखवीत. कोणी म्हणत, शेती व चराई कमी झाल्याने माळावर हीदरची झुडपे माजली आणि त्यांच्या कुजलेल्या पाल्याने पाणी आंबले. आणखी कोणी सूचिपर्णी वृक्षांच्या नव्या लागवडीस दोष देत. प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हता. दोष जमिनीच्या वापराचा ठरला असता, तर धुराड्यांवर निर्बंध घालण्याचे कारणच उरले नसते.

रॉजर फ्लॉवर व रिचर्ड बॅटरबी या लंडनच्या संशोधकांनी १९८३ मध्ये तेथील दोन तळ्यांच्या गाळाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या तळ्यात १८५० च्या सुमारापासून आम्ल पाण्यातील जाती वाढत गेल्या होत्या; सामू सुमारे ५.५ वरून ५ च्या खाली उतरला होता. (सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते, हे शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे.) या तळ्याच्या पाणलोटात वृक्षलागवड झालेलीच नव्हती. दुसऱ्या तळ्याच्या, लॉख ग्रॅनॉखच्या, पाणलोटात ती झाली होती. परंतु पाणी आंबण्यास त्यापूर्वीच आरंभ झाला होता. पुढे राउंड लॉखच्या गाळातील परागकण तपासले, तेव्हा हीदर वाढल्याचे दिसले नाही. उलट कोळशाच्या काजळीचे कण मात्र वरच्या थरांत वाढलेले आढळले. मेंढपाळ व शेतकरी यांवरील आळ अशा रीतीने दूर झाला.

पुढे धुरातील गंधक बरेच घटले आणि पाणीही हळूहळू सुधारू लागले. मात्र १८५० पूर्वी तेथे नांदणाऱ्या डायाटमांच्या जाती अद्याप पूर्वीच्या प्रमाणात परतलेल्या नाहीत.