उपाशी राहून वजन उतरते का?

रविवारी विहारात वंदना आटोपली की भगिनींमध्ये हल्ली डाएटचा विषय हमखास निघतो. कोणी रात्रीचे जेवण सोडलेले असते, कोणी पंधरा दिवस काकडी आणि ताकावर काढलेले असतात. 'चार किलो उतरले, ताई!' सहा महिन्यांनी तेच चार किलो आणखी दोन सोबत घेऊन परत येतात, तेव्हा मात्र कोणी बोलत नाही.

यात दोष मनोबलाचा नाही. अन्न एकदम तोडले की शरीर दुष्काळ पडल्यासारखे वागते, खर्च आवरते. पहिल्या आठवड्यात काट्यावर घटते ते बरेचसे पाणीच; पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. वजन चौथ्या हिश्श्याने घटले, पण शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. माणसे चिडचिडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. बंधन उठल्यावर पोट भरले तरी भूक भागेना आणि अंगावर चरबी आधीपेक्षा जास्त चढली.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात डाळ, अंडी, मासळी सोडली तर आणखी काय होणार? वजन झपाट्याने उतरवल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवले तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्या अशा उपासक-उपासिकांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला उपाशी राहायला सांगत नाहीत. भान ठेवून, मात्रा ओळखून जेवायला सांगतात. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना त्या उपदेशाची आठवण करून द्यायला नेमले, त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले (त्या काळची डाएटिशियनची फीच म्हणा!) आणि आहार हळूहळू कमी केला.

आपणही तसेच करावे. चार चपात्यांवरून तीनवर यावे, पण वरण-उसळ कमी करू नये. चहातली साखर आणि सोबतची खारी-बिस्किटे आधी घटवावीत. रोज अर्धा तास भरभर चालावे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. सत्तर किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरवून टिकवले, तरी साखर आणि रक्तदाब आटोक्यात यायला मदत होते.